इंजिन बे (बोनेटखालची जागा) रंगवायच्या आधी ब्रेक लाइन काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळ्यात आधी, ब्रेक लाइन (ब्रेक ऑइल नेणाऱ्या स्टीलच्या बारीक नळ्या) काढायलाच लागतात का? टेप गुंडाळून रंग मारला तर चालत नाही का?

बऱ्याच वेळा चालतं, आणि खरं सांगायचं तर नुसता रंग फ्रेश करायचा असेल, इंजिन जागेवरच राहणार असेल, तर माझं मत असं की लाइन उघडूच नका. फक्त क्लिपा आणि ब्रॅकेटचे बोल्ट सोडा, लाइन हलकेच पत्र्यापासून बोटभर लांब करा, त्यावर आधी पातळ प्लास्टिक आणि वरून फॉइल गुंडाळा, मागचा पत्रा घासून रंगवून घ्या. नट सोडलेलाच नसल्यामुळे तेल सांडत नाही, आत हवा जात नाही, सगळं ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढायचं काम) वाचतं. फक्त वाकवताना जोर लावायचा नाही, स्टीलची लाइन एका जागी दोन चार वेळा वाकवली सरळ केली की तिथे कमजोर होते.

काढायलाच लागतं ते कधी, तर इंजिन बाहेर आलेलं आहे, फायरवॉल (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) पूर्ण उघडी करून गंज काढायचाय, वेल्डिंग करायचंय, किंवा गाडीचा रंगच बदलताय आणि लाइनच्या मागे जुना रंग दिसला तर रात्री झोप लागणार नाही असा तुमचा स्वभाव आहे. मग काढा, पण हे रंगाचं काम नाही तर ब्रेकचं काम आहे असं धरून काढा. रंग बिघडला तर परत मारता येतो.

ब्रेक ऑइलने रंग खरंच निघतो का, का उगाच घाबरवतात?

खरंच निघतो. ब्रेक ऑइलच्या ग्रेडना डॉट म्हणतात, त्यातली डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही ग्लायकोल प्रकारची असतात आणि ती रंगात मुरून त्याला मऊ करतात, आधी फुगल्यासारखा दिसतो, मग सुरकुत्या, मग नखाने खरवडलं तर पापुद्रा हातात. ताज्या रंगावर तर फारच लवकर. म्हणून गंमत अशी की जुना रंग जाऊ दे म्हणून निष्काळजीपणे तेल सांडू दिलं तरी नुकसानच, कारण ते पत्र्याच्या जोडांमध्ये, सीलरच्या खाली जाऊन बसतं आणि वरून नवीन प्रायमर मारला की तिथूनच फोड येतात.

डॉट ५ हे वेगळं प्रकरण आहे, ते सिलिकॉनचं असतं. ते रंग खात नाही म्हणून लोक खूश होतात, पण रंगवणाऱ्याला विचारा, सिलिकॉनचा एक थेंब पत्र्यावर राहिला तरी नवीन रंग तिथे धरतच नाही, गोल गोल खड्डे पडतात. म्हणजे दोन्हीकडून त्रासच.

सांडलंच तर काय करायचं?

लगेच पाणी, भरपूर पाणी. ग्लायकोलवालं तेल पाण्यात विरघळतं त्यामुळे साध्या पाण्याने धुतलं जातं, फडक्याने पुसत बसलात तर पसरतं. कामाला बसतानाच बाजूला पाण्याची बाटली किंवा स्प्रे ठेवा, नंतर शोधायला जाऊ नका. धुऊन झालं की साबणाचं पाणी, परत साधं पाणी, सुकवा, आणि रंगाच्या आधी तेलकटपणा काढायचं सॉल्व्हंट वापरून दोन फडक्यांनी पुसा, एकाने ओलं लावायचं आणि दुसऱ्या कोरड्याने ते सुकायच्या आत उचलायचं. पाणी मारताना उघड्या लाइनच्या तोंडात जाणार नाही एवढं बघा. सिलिकॉनवालं पाण्याने जात नाही, त्याला सॉल्व्हंटच लागतं आणि फडकी सारखी बदलायला लागतात. डोळ्यात उडालं तर डोळा भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरला दाखवा. चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे आधीच घातले तर हा प्रश्न येत नाही.

हत्यारं काय लागतात? साधा पाना चालेल?

साध्या उघड्या तोंडाच्या पान्याने सुरू करू नका, एवढं एक ऐका. ब्रेक लाइनचे नट मऊ आणि छोटे असतात, साधा पाना दोनच बाजूंना धरतो आणि जाम असला की नट गोल होतो. फ्लेअर नट पाना घ्या, तो रिंग पान्यासारखाच असतो पण लाइन आत सरकायला एका बाजूला खाच असते, त्यामुळे नटाला जवळजवळ सगळीकडून पकडतो. बहुतेक गाड्यांना १० किंवा ११ मिलिमीटरचा लागतो, काहींना १२ किंवा १३. मोजून बघा, ११ चा नट १२ च्या पान्याने फिरवून बघू हा प्रयोग नको.

बाकी मग गंज सोडवणारा स्प्रे, तारेचा ब्रश, ब्रेक ऑइलच्या टाकीतलं तेल ओढायला मोठी सिरिंज, झाकण लागणारं भांडं, मास्किंग टेप आणि मार्कर, रबरी टोप्या, गाडीचे स्टँड, चाकाला लावायचे ठोकळे. आणि तुमच्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल, हे सगळ्यात महत्त्वाचं हत्यार आहे आणि सगळ्यात जास्त लोक हेच घेत नाहीत.

सुरुवात कुठून करायची?

फोटोपासून. लाइन धुळीने माखलेल्या असल्या तर आधी धुवा, मग चारही बाजूंनी फोटो, जवळून लांबून, कुठली लाइन कुठल्या भोकात जाते, कुठली कुणाच्या वरून जाते कुणाच्या खालून, क्लिपा कुठे आहेत. मग प्रत्येक लाइनच्या दोन्ही टोकांना टेप लावून नंबर टाका आणि तोच नंबर ज्या भोकातून ती निघाली त्याच्या बाजूलाही टाका. आत्ता वाटतं की सहा तर लाइन आहेत, लक्षात राहतील, पण रंगाचं काम लांबतं आणि महिन्याभराने त्याच सहा लाइन हातात घेतल्या की सगळ्या सारख्या दिसतात. एबीएसवर (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) तर पुढच्या चाकाची आणि मागच्या चाकाची लाइन अदलाबदल झाली तर गाडी चालेल, ब्रेकही लागतील, आणि एबीएस भलत्याच चाकाचं प्रेशर कमी करेल, जे कळणार नेमकं पावसात जोरात ब्रेक मारल्यावर.

मग बॅटरी काढा. गाडी सपाट जागेवर, चाकांना ठोकळे, उचलायची असेल तर स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. टाकीचं झाकण उघडण्याआधी आजूबाजूची धूळ पुसा आणि मग सिरिंजने तेल ओढून घ्या. क्लच हायड्रॉलिक असेल तर बघा, बऱ्याच गाड्यांत क्लचला तेल त्याच टाकीतून जातं, म्हणजे क्लचची पण एअर काढावी लागणार हे आधीच धरून चला.

फक्त एकच लाइन काढायची आहे, सगळं तेल काढायलाच हवं का?

नाही. एक जुनी युक्ती आहे, ब्रेक पेडल थोडंसं, साधारण इंचभर, दाबून लाकडी काठीने किंवा सीटला अडकवून तसंच धरून ठेवायचं. त्याने मास्टर सिलेंडरच्या (पेडल दाबल्यावर तेलाला प्रेशर देणारा सिलेंडर) आतले सील थोडे पुढे सरकतात, टाकीतून येणारी बारीक भोकं बंद होतात आणि लाइन उघडली तरी टाकी रिकामी होत नाही, काही थेंब पडतात तेवढेच. पेडल दाबलेलं म्हणजे मागचे ब्रेक लाइट पेटलेले राहणार, म्हणून बॅटरी काढलेली हवी. ज्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक ब्रेक सिस्टिम आहे तिथे ही युक्ती लावू नका.

नट जाम आहे, फिरतच नाही. गरम करू का?

तेल भरलेल्या लाइनला आग दाखवू नका. ब्रेक ऑइल पेट घेतं आणि बंद लाइनमध्ये गरम झालं तर प्रेशरने बाहेर उडतं, बाजूला रबरी होज आणि प्लास्टिकची टाकी असते ती वेगळीच.

घाई नको एवढाच खरा उपाय आहे. तारेच्या ब्रशने नटाच्या मागचा, लाइन आत शिरते तिथला गंज साफ करा, स्प्रे मारा, रात्रभर ठेवा, सकाळी परत मारा. हा स्प्रे पण तेलकटच असतो, म्हणजे रंगाच्या आधी तोही धुवायला लागणार आणि उघड्या लाइनच्या आत तर जाऊच द्यायचा नाही. मग पान्याने आधी हलकंसं घट्ट करायच्या दिशेने, अगदी जराशी हालचाल, मग सोडायच्या दिशेने. सुटला की एकदम पूर्ण फिरवू नका, पाव फेरा सोडा, परत आत घ्या, परत सोडा, असं करत करत.

रबरी होजला जिथे स्टीलची लाइन जोडलेली असते तिथे दोन पाने लागतात, एक होजची बाजू धरायला आणि एक नट फिरवायला, नाहीतर होजच पिळला जातो.

नट फिरतोय पण त्याच्याबरोबर लाइनपण फिरतेय. आता?

थांबा. नट लाइनवर गंजून चिकटलाय, अजून फिरवलं तर लाइन पिळून फुटणार. स्प्रे मारून नट मागेपुढे करत सुटतोय का बघा, पक्कडने लाइन धरायची नाही, तिच्यावर ओरखडा पडतो. नाही सुटला तर ती लाइन गेली असं धरा, नटाच्या अगदी मागे कापा, मग सहा कोनी सॉकेट घालून नट काढा आणि नवीन लाइन करा. लोकांना हे ऐकलं की वाईट वाटतं, पण ज्या लाइनचा नट एवढा गंजलाय ती आतून बाहेरून कशी असेल याचा विचार करा. मला तर उलट वाटतं की ती आत्ता सापडली हे बरं झालं.

उघडी तोंडं कशाने बंद करायची? कापडाचा बोळा चालेल का?

कापड नको, टिश्यू तर अजिबात नको, तंतू सुटतात आणि आत जातात. ब्लीड निप्पलवर (चाकाजवळ हवा काढायचा छोटा स्क्रू) असतात तसल्या रबरी टोप्या लाइनच्या टोकाला छान बसतात, व्हॅक्यूमच्या टोप्याही चालतात. मास्टर सिलेंडर आणि एबीएसच्या भोकांना त्याच आट्यांचा प्लग किंवा जुना नट वापरून केलेला बूच उत्तम, बऱ्याच गाड्यांत हे आटे १० मिलिमीटर आणि १ मिलिमीटर पिचचे असतात पण सगळ्यांत नाही, म्हणून जबरदस्तीने आवळू नका. सिलिकॉन सीलंट, मेण, चिकटपट्टीचा गोंद थेट भोकावर, हे काहीच नको.

आणि हे लगेच करायचं. एक लाइन सोडली, दोन्ही टोकं बंद, मग पुढची. दोन कारणं आहेत. एक म्हणजे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, ओल आली की आतून गंज आणि उकळायचं तापमान खाली. दुसरं, जे या कामात जास्त महत्त्वाचं, ते म्हणजे तुम्ही पुढचे कित्येक दिवस त्याच जागी पॉलिश पेपर घासणार आहात. ती धूळ एकदा एबीएसच्या बारीक व्हॉल्व्हमध्ये गेली की तिला बाहेर काढायचा सोपा रस्ता नाही.

एबीएसचा ब्लॉक काढू का जागेवर ठेवू?

ठेवता आला तर ठेवा. साधारण चार चॅनेलच्या ब्लॉकला मास्टर सिलेंडरकडून दोन लाइन येतात आणि चार चाकांना चार जातात. ब्लॉक आतून रिकामा झाला, त्यात हवा गेली, तर कित्येक गाड्यांत नुसतं पेडल मारून ती निघत नाही, स्कॅनर लावून आतला पंप आणि व्हॉल्व्ह चालवायला लागतात. तुमच्याकडे किंवा ओळखीच्या मेकॅनिककडे तो स्कॅनर आहे का हे आधी विचारा आणि मग पाना हातात घ्या. काढलाच तर सगळी भोकं बंद, सरळ उभा ठेवायचा, उलटा नाही, आणि ब्लॉकपासून कंट्रोलर वेगळा करत बसायचं नाही.

काही गाड्यांत व्हॅक्यूम बूस्टरच्या (पेडलचा जोर वाढवणारा डबा) जागी पंप आणि अॅक्युम्युलेटर असतो, त्यात गाडी बंद असतानाही प्रचंड प्रेशर साठलेलं असतं. तिथे नट सोडायच्या आधी मॅन्युअलमध्ये दिलंय तसं ते प्रेशर उतरवावंच लागतं, नाहीतर तेल अंगावर सुटतं. अशी गाडी असेल तर मी म्हणेन की हे काम घरी करू नका.

मास्टर सिलेंडर आणि बूस्टर काढावे लागतील का?

फायरवॉल रंगवायची म्हणजे बहुतेक वेळा हो. मास्टर सिलेंडर बूस्टरला सहसा दोन नटांनी असतो, सरळ बाहेर ओढा, मधला सील जपा. बूस्टरच्या दांड्याची लांबी अॅडजस्ट होत असेल तरी तिला हात लावू नका, ती वाढली तर ब्रेक थोडे लागलेलेच राहतात आणि गरम होतात. बूस्टर गाडीच्या आतून, पेडलच्या वर, नटांनी धरलेला असतो, ती पिन आणि क्लिप कशी बसली होती त्याचा पण फोटो घ्या. बूस्टर काढून ठेवल्यावर त्याच्या तोंडावर प्लास्टिक बांधा. आणि बसायच्या जागांवर रंगाचा जाड थर देऊ नका, नंतर रंग दबतो आणि नट सैल पडतात.

लाइन आतून धुवायच्या का? पेट्रोलने धुतल्या तर?

पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, रॉकेल, काहीच आत जाऊ द्यायचं नाही. ब्रेकचे रबर ग्लायकोलसाठी बनवलेले असतात, खनिज तेल लागलं की ते फुगतात, आणि एकदा फुगले की सगळे सील बदलावे लागतात. नुसती टोकं बंद ठेवली असतील तर धुवायची गरजच नाही. आत कचरा गेल्याचा संशय असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घालून कोरड्या हवेने फुंकून काढा, पूर्ण सुकू द्या. काँप्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल येतं, फिल्टर नसेल तर राहू दे.

काढल्याच आहेत तर लाइनवरपण रंग मारून टाकू का, छान दिसेल?

दिसायला छान, पण मला पटत नाही. लाइनवर कारखान्यातून झिंक किंवा प्लास्टिकचा थर असतो, तोच तिला गंजापासून वाचवतो. रंग धरावा म्हणून तुम्ही तो घासला की संरक्षण गेलं, आणि वर जाड रंग मारला की खाली गंज चालू असला तरी दिसत नाही. साफ करून लटकवून ठेवा, टोकाला धरून, ढिगात टाकू नका. गंजाचे खड्डे पडले असतील तर रंग हा उपाय नाही, लाइन बदला. नवीन करताना तांबे-निकेलची लाइन घेतली तर ती गंजत नाही आणि हाताने वळते पण चांगली. फ्लेअर (लाइनचं फुलवलेलं टोक) कुठल्या प्रकारचा आहे ते मात्र बघून घ्या, डबल फ्लेअर आणि बबल फ्लेअर एकमेकांच्या जागी बसत नाहीत, बसल्यासारखे वाटतात आणि गळतात. आणि मध्ये कापून दाबून बसवायचा कॉम्प्रेशन जोड ब्रेकला कधीच नाही.

ब्रेक क्लीनरने साफ करून लगेच वेल्डिंग केलं तर?

हे नीट वाचा. काही ब्रेक क्लीनर क्लोरीनवाले असतात. त्याची ओल किंवा वाफ राहिली आणि वेल्डिंगची ठिणगी, उष्णता लागली तर फॉस्जीन तयार होतो, हा विषारी वायू आहे, पहिल्या महायुद्धात हत्यार म्हणून वापरलेला. वेल्डिंग करायचंच असेल तर क्लोरीनवाला डबा त्या जागेच्या आसपास आणूच नका. बिनक्लोरीनवाला असला तरी तो पेट घेतो, पूर्ण उडून जाऊ द्या. तसंच टू-के रंगाच्या (रंगात हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग) हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला कागदी मास्क काही कामाचा नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, तो नसेल तर स्प्रेचं काम रंगवणाऱ्याला द्या.

रंग मारल्यावर लाइन कधी बसवायच्या?

हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नाही. टू-के रंग नेहमीच्या तापमानाला पूर्ण कडक व्हायला काही दिवस ते आठवडाभर घेतो, डब्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं ते पाळा. साध्या स्प्रे कॅनचा रंग ब्रेक ऑइलला कधीच नीट टिकत नाही, कितीही दिवस ठेवला तरी, म्हणून मास्टर सिलेंडरच्या खालच्या भागाला तरी टू-के वापरा. बसवताना खाली जाड प्लास्टिक आणि त्यावर शोषून घेणारं फडकं.

बसवायच्या आधी आटे आणि फ्लेअर बसायची जागा बघा, रंगाचा कण असेल तर तिथे सील होत नाही. आणि हो, अर्थिंगच्या जागा उघड्या ठेवल्यात ना? एबीएसचा अर्थ रंगावर बसवला तर डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि लोक दोष लाइनला देतात.

नट किती आवळायचे? टेफ्लॉन टेप लावू का?

टेप नाही, सीलंट नाही. इथे सील आट्यांवर होतच नाही, फ्लेअर आणि सीट एकमेकांवर दाबून होतं. सगळे नट आधी बोटांनी, कित्येक फेरे, लाइन क्लिपात न अडकवता, म्हणजे ती हवी तशी हलते आणि आटे तिरके जात नाहीत. बोटाने जात नसेल तर लाइन तिरकी आहे, पाना लावून जबरदस्ती केली तर मास्टर सिलेंडरचे अॅल्युमिनियमचे आटे जातात. सगळे लागले की मग आवळा, १० मिलिमीटर आट्यांच्या नटाला साधारण १२ ते १८ न्यूटन मीटर असतं पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधलाच घ्या. बँजो बोल्ट (मधून तेल जाणारा पोकळ बोल्ट) असेल तर तांब्याचे वॉशर नवीन.

एअर कशी काढायची, कुठल्या चाकापासून?

मास्टर सिलेंडर रिकामा झाला असेल तर आधी त्याचीच हवा, शक्यतो टेबलावर, व्हाइसमध्ये त्याच्या कडेने धरून, दोन नळ्या परत टाकीत सोडून हळूहळू दाबायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. गाडीवर बसल्यावर चाकं. सहसा मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करतात, पण तिरक्या सर्किटच्या (एक पुढचं आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एका लाइनवर) आणि एबीएसच्या गाड्यांत क्रम वेगळा असतो, परत तेच, मॅन्युअल. टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही.

जुना मास्टर सिलेंडर असेल तर पेडल तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा तुकडा ठेवा. रोजच्या वापरात सील जिथे पोचत नाही तिथे आत गंज आणि मळ साठलेला असतो, पूर्ण दाबलं की सील त्यावरून घासून फाटतो.

तेल नवीन, सीलबंद बाटलीतलं, टाकीच्या झाकणावर लिहिलेलं तेच. डॉट ४ चा उकळबिंदू ताजं असताना कमीत कमी २३० अंश सेल्सिअस असतो आणि पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत येतो, यावरून उघड्या बाटलीचं तेल का नको ते कळेल. डॉट ५ सिलिकॉन कशातच मिसळायचं नाही. नाव जवळचं असलं तरी ५ आणि ५.१ वेगळे आहेत. काढलेलं जुनं तेल परत भरायचं नाही आणि गटारातही ओतायचं नाही, बंद डब्यात भरून वापरलेलं तेल जिथे घेतात तिथे द्या.

सगळं झालं, गाडी काढू का बाहेर?

थांबा थोडं. इंजिन बंद ठेवून पेडल मारा, कडक व्हायला हवं, मग जोरात दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलेंडरचे सील आतल्या आत तेल मागे सोडतायत. स्पंजासारखं लागत असेल तर हवा आहे. कडक असेल तर दाबून धरूनच इंजिन चालू करा, पेडल किंचित खाली बसलं म्हणजे बूस्टर काम करतोय. दुसऱ्या माणसाला पेडल दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक जोडाला पांढरा टिश्यू लावून बघा, ओलं दिसलं तर नट सोडून साफ करून परत आवळा, तरी गळत असेल तर फ्लेअर खराब आहे, जास्त आवळून बंद होणार नाही.

मग मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने ब्रेक मारून बघा, हॅन्डब्रेकवर हात ठेवून. मग थोडा वेग. परत येऊन बोनेट उघडा, सगळे जोड पुन्हा टिश्यूने बघा, टाकीची पातळी बघा, आणि काही दिवस चालवल्यावर आणखी एकदा बघा.

मधल्या काळात गाडी ढकलून पेंटरकडे न्यायची आहे, चालेल ना?

ब्रेक नसलेली गाडी आहे ती, विसरू नका. केबलवाला हॅन्डब्रेक असेल तर तो चालतो कारण त्याला तेल लागत नाही, इलेक्ट्रॉनिक असेल तर बॅटरी काढल्यावर तोही नाही. उतारावरून ढकलायची नाही, दोरीने दुसऱ्या गाडीला बांधून ओढायची तर नाहीच, ट्रकवर चढवून न्या आणि चढवताना विंच वापरा. स्टीयरिंगवर मोठ्या अक्षरात "ब्रेक नाहीत" असं लिहून चिकटवा, कारण रंगाच्या दुकानात गाड्या इकडून तिकडे हलवणारा माणूस तुम्ही नसता आणि त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं.